बर्मिंगहॅमचा सातबारा

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी गडहिंग्लजची, यंदा इतिहास घेऊन बी.ए. झाले. दुसऱ्या वर्षाला मध्ययुगीन युरोप होता. परीक्षेपुरता तो नोट्सवर उरकला, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मठ, किल्ले, प्लेग, धर्मयुद्धं, सगळंच. परदेशी जाऊन शिकणं आमच्या घरी शक्य नाही. मोबाईल आहे, दादाचा लॅपटॉप रात्री नऊनंतर मिळतो. नेटवर शोधायला गेलं की इतकं निघतं की महिनाभर मी नुसत्या लिंका साठवल्या, वाचलं काहीच नाही. लॅटिन येत नाही, इंग्रजी जेमतेम. आई विचारते, हे शिकून काय होणार? सुरुवात कुठून करू? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : साठवलेल्या लिंका राहू देत तिथंच. तू एकच कागद हातात घे आणि तो पुरता वाचून होईपर्यंत दुसरा उघडू नकोस. कोणता कागद, ते सांगते. त्याआधी माझ्या वडिलांबद्दल दोन शब्द सांगावे लागतील.

वडील शिरोळ तालुक्यात तलाठी होते. दप्तर घरीच असायचं, सोप्यात. सातवीत असताना त्यांनी मला सातबारा वाचायला शिकवला. मी आधी नाव वाचायला जायची, ते थांबवायचे. म्हणायचे, आधी क्षेत्र बघ, मग आकार बघ, मग इतर हक्कात काय लिहिलंय ते बघ, आणि फेरफाराचा नंबर दिसला की विचार, आधी कोणाचं नाव होतं आणि ते का गेलं. एकेका उताऱ्यावर अर्धा अर्धा तास जायचा. पुढं तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, पण कागद वाचायची रीत माझी तिथलीच आहे.

आता तुझा कागद. इंग्लंडवर नॉर्मंडीच्या विल्यमनं १०६६ मध्ये कब्जा केला. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरला, तिथं त्यानं ठरवलं की साऱ्या देशात कोणाकडं किती जमीन, किती नांगर, किती माणसं, किती गिरण्या आहेत त्याची मोजदाद करायची. अधिकारी गावोगावच्या लोकांना शपथेवर विचारत गेले आणि १०८६ मध्ये माहिती गोळा झाली. तेरा हजारांवर गावांची नोंद आहे. या दप्तराला लोक पुढं डोम्सडे म्हणू लागले, म्हणजे न्यायनिवाड्याचा शेवटचा दिवस, कारण त्यातल्या नोंदीवर अपील नव्हतं. ‘ओपन डोम्सडे’ नावाची साईट आहे, पैसे लागत नाहीत. गावाचं नाव टाकायचं, नकाशावर गाव दिसतं, नोंदीचा गोषवारा इंग्रजीत येतो आणि खाली मूळ पानाचा फोटो असतो. २०१७ च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा ती उघडली आणि सहज बर्मिंगहॅम टाकलं, कारण इंग्लंडमधलं लंडनखेरीज तेवढंच नाव पटकन आठवलं. नोंद मराठीत सांगायची तर अशी :

‘विल्यमकडून रिचर्डकडं बर्मिंगहॅममध्ये चार हाइड. जमीन सहा नांगरांची. मालकाच्या घरच्या शेतावर एक नांगर. पाच व्हिलेन आणि चार बोर्डर यांचे दोन नांगर. जंगल अर्धा लीग लांब, दोन फर्लांग रुंद. किंमत पूर्वी वीस शिलिंग, आताही तेवढीच. राजा एडवर्डच्या वेळेस ही जमीन उल्फविनकडं मोकळी होती.’

एवढंच. आज अकरा लाखांवर वस्तीचं शहर आणि त्याची पहिली नोंद ही. मला वडिलांचा सोपा आठवला. तुला सांगते, त्या दिवशी मी जेवायचं विसरले.

आता वडिलांच्या रीतीनं वाच. व्हिलेन म्हणजे सिनेमातला खलनायक नव्हे, मालकाला बांधलेला कुळवाडी; बोर्डर म्हणजे त्याच्याहून थोड्या जमिनीचा. हाइड हे नुसतं क्षेत्र नाही, कर किती बसवायचा त्याचं माप आहे, आपल्या उताऱ्यावरच्या आकारासारखं. हाइड म्हणजे एकशेवीस एकर असं पुस्तकात असतं, पण ठिकाणागणिक ते बदलतं, म्हणून एकरांचा हिशोब घालत बसू नकोस. नांगराकडं बघ. त्या दप्तरात एक नांगर म्हणजे आठ बैलांचा. उत्तरेकडची जड, ओली माती उलटायची तर तेवढं बळ लागायचं. आपल्याकडं काळ्या रानात लोखंडी नांगराला तीन-चार जोड्या जुंपलेल्या वडिलांच्या पिढीनं पाहिल्यात, त्यामुळं हे चित्र आपल्याला परकं नाही. आता हिशोब कर. नऊ घरं, दोन नांगर, म्हणजे सोळा बैल. घरटी दोन बैलसुद्धा पुरे पडत नाहीत. मग नांगरट कशी होत असेल? एकमेकांची जनावरं एकत्र जुंपूनच. म्हणजे पैरा! नोंदीत तो शब्द कुठं नाही, पण आकड्यांतून पैरा दिसतो. हे मला कुठल्या प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं. शिरोळच्या मुलीला ते आपसूक दिसलं आणि गडहिंग्लजच्या मुलीलाही दिसेल.

आणखी बघ. जमीन सहा नांगरांची, प्रत्यक्ष चालतायत तीन. अर्ध्या जमिनीचं काय? पडीक होती, की माणसं कमी, की सहाचा आकडा नुसता कागदोपत्री? अभ्यासकांचं या आकड्याच्या अर्थावर एकमत नाही. तू तुझ्या वहीत प्रश्न लिहून ठेव, उत्तराची घाई नको.

मग शेवटची ओळ, तिथं फेरफार आहे. आधी उल्फविन, आता रिचर्ड. उल्फविन हे अस्सल इंग्लिश नाव, रिचर्ड हे समुद्रापलीकडून आलेल्यांचं, आणि त्याच्या वरचा विल्यमही त्यांच्यातलाच (हा राजा विल्यम नव्हे, फिट्झ आन्सकल्फ नावाचा सरदार). साऱ्या इंग्लंडात वीस वर्षांत वरची नावं अशी पुसली गेली आणि तळातले पाच व्हिलेन, चार बोर्डर तसेच राहिले, त्यांची तर नावंही कोणी लिहिली नाहीत. राज्य बदलणं म्हणजे काय, ते या एका ओळीत मला जेवढं कळलं तेवढं लढायांच्या प्रकरणात कळलं नव्हतं.

आणि कागद काय दडवतो तेही बघ. ‘राजा एडवर्डच्या वेळेस’ असं पानोपानी येतं. एडवर्ड ५ जानेवारी १०६६ ला वारला. त्याच्यानंतर ऑक्टोबरपर्यंत हॅरॉल्ड गादीवर होता, रीतसर राज्याभिषेक झालेला राजा. पण डोम्सडे त्याला राजा म्हणत नाही, अर्ल म्हणजे बडा सरदार म्हणतं. नऊ महिन्यांची राजवट दप्तरातून गाळून टाकली. सरकारी कागद खोटं न लिहिताही किती सांगू शकतो आणि किती गिळू शकतो, ते इथं शिकून घे. पुढं कुठल्याही देशाच्या कागदाला ते कामी येईल.

हे एक पान झालं की मग पुढचं. अमेरिकेतल्या फोर्डम विद्यापीठाच्या साईटवर मध्ययुगातल्या मूळ साधनांचा मोठा संग्रह आहे, पॉल हॉल्सॉल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला. राजांचे हुकूम, मठांचे नियम, पत्रं, खटले, प्लेगची वर्णनं, सगळं इंग्रजी भाषांतरात. दिसायला साईट जुनाट आहे, त्यावर जाऊ नकोस. एक मात्र ध्यानात ठेव. फुकट मिळणारी भाषांतरं बरीचशी जुनी असतात, कारण हक्क संपलेलंच फुकट ठेवता येतं. म्हणून प्रत्येक मजकुरावर दोन तारखा लिहायच्या, मूळ लिहिणाऱ्याची आणि भाषांतर करणाऱ्याची. सम्राट शार्लमेनचं चरित्र आइनहार्ट नावाच्या त्याच्या दरबारातल्या माणसानं नवव्या शतकात लिहिलं. तिथं आहे ते इंग्रजी १८८० सालचं. दोघांमध्ये हजार वर्षं. कुठला शब्द शार्लमेनच्या काळाचा आणि कुठला १८८० चा, हा संशय मनात जागा पाहिजे. त्या चरित्रात एक जागा आहे, ती तू जरूर वाच. म्हातारपणी सम्राट अक्षरं गिरवायला शिकत होता आणि त्यासाठी उशीखाली पाट्या ठेवायचा, पण सुरुवात उशिरा झाल्यामुळं फारसं जमलं नाही. अर्ध्या युरोपचा राजा रात्री उशीखालून पाटी काढतोय! तू तेवीस वर्षांची असशील. तुला उशीर झालेला नाही.

शार्लमेननंच किंवा त्याच्या काळात काढलेला राजाच्या शेतवाड्यांसाठीचा एक हुकूमनामा आहे, ‘कापितुलारे दे विल्लिस’ या नावानं शोध. लोणी, मध, व्हिनेगर, खारवलेलं मांस अत्यंत स्वच्छतेनं करा, आमची द्राक्षं कोणी पायानं तुडवायची नाहीत, बागेत अमुक अमुक रोपं लावा, असा सगळा बारकावा. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला त्यातलं बरंच कळतं.

इंग्रजीची भीती वाटते म्हणतेस. येल विद्यापीठानं पॉल फ्रीडमन यांची व्याख्यानं नेटवर ठेवलीत, सन २८४ ते १००० पर्यंतच्या युरोपवर, एकूण बावीस. प्रत्येकाचा मजकूर लिहिलेला मिळतो. मी आधी मजकूर वाचायची, अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायची आणि मग ऐकायची. पहिल्या व्याख्यानाला चार रात्री लागल्या, दहाव्याला दोन. यूट्यूबवर तलवारी आणि धुराचे लोट असलेले व्हिडिओ भरपूर आहेत. ते जेवताना बघ, अभ्यासाच्या वेळेत नको.

लॅटिनबद्दल. तुला दहावीपर्यंत संस्कृत होतं का? असेल तर निम्मा घाट चढून झाला. विभक्ती लॅटिनमध्येही आहेत, सहा. पातेर म्हणजे पितृ, मातेर म्हणजे मातृ, देन्स म्हणजे दन्त, सेप्तेम म्हणजे सप्त, नोवेम म्हणजे नव, एस्त म्हणजे अस्ति. पहिल्या दिवशी ही यादी वहीत लिहिताना मला घरातल्या घरात पाहुणे सापडल्यासारखं झालं. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साईटवर जुन्या कागदांपुरतं लॅटिन शिकवणारे फुकट धडे आहेत, खास १०८६ ते १७३३ या काळातल्या दस्तऐवजांसाठी. पूर्ण भाषा नको, कागद वाचता आला म्हणजे झालं, अशा बेतानं ते बांधलेत.

आणि लॅटिनच्या बरोबरीनं मोडी शीक, हा माझा आग्रह समज. डोम्सडेच्या मूळ फोटोत शब्दांच्या डोक्यावर रेघा दिसतील, शब्द अर्धेच लिहिलेले दिसतील, ‘राजा एडवर्डच्या वेळेस’ एवढ्यासाठी फक्त तीन अक्षरं असतील. चर्मपत्र महाग, लिहिणारा घाईत. आपल्या मोडी कागदात राजश्रीसाठी नुसतं ‘रा’ आणि चांद्र तारखेसाठी नुसतं ‘छ’ येतं, तसंच. ज्याची नजर एका लिपीत आखूड शब्द उलगडायला सरावली, त्याला दुसरीत फार वेळ लागत नाही. कोल्हापुरात संस्थानच्या वेळचं दप्तर पुराभिलेखागारात आहे, मोडीचे वर्गही भरतात.

आईला काय सांगायचं, त्याचं उत्तरही यातच आहे. मध्ययुगीन युरोपवर पोट चालेल अशी नोकरी मला आपल्या भागात दिसत नाही, आणि दिसते असं सांगून मी तुला फसवणार नाही. सेट-नेट करून कॉलेजात लागता येतं, पण जागा किती निघतात ते तुला ठाऊक आहे. मोडी मात्र पोटाला उपयोगी आहे. कुणबी नोंदी शोधायचं काम २०२३ पासून सुरू झालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलं. जमिनीच्या वादात जुने कागद निघतात, तिथंही वाचणारा लागतो. आईला हे सांग. बर्मिंगहॅमचंही सांग, पैऱ्याची गोष्ट त्यांना पटेल.

एक शब्द जपून वापर : सरंजामशाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘फ्युडॅलिझम’ला तो शब्द लावला. पण सरंजाम म्हटलं की आपल्या मनात मराठेशाहीतला सरदार येतो, फौज ठेवण्यासाठी महसूल तोडून दिलेला. बर्मिंगहॅमचा रिचर्ड आणि पेशव्यांचा सरदार एका मापाचे नव्हेत. शिवाय खुद्द युरोपच्या अभ्यासकांनीच त्या शब्दावर हरकत घेतलीय. एलिझाबेथ ब्राउन यांनी १९७४ मध्ये आणि सुझन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की हा एक साचा पुढच्या काळातल्या कायदेपंडितांनी आणि इतिहासकारांनी घडवला आणि मागच्या शतकांवर बसवला. म्हणून परीक्षेत लिहावं लागलं तर लिही. तुझ्या वहीत मात्र ‘रिचर्डकडं चार हाइड’ एवढंच लिही.

चॅटबॉटबद्दल तू विचारलं नाहीस, पण वापरत असशीलच. अवघड इंग्रजी सोपं करून घ्यायला चांगला. पण मागच्या वर्षी एका चॅटबॉटनं मला एका बिशपचं सुंदर वाक्य दिलं, पुस्तकाचं नाव आणि पानाच्या नंबरासकट. पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर सापडलं, पान सापडलं, वाक्य त्या पानावर नव्हतं. पुढची-मागची वीस पानं चाळली. नव्हतंच. तेव्हापासून माझा नियम आहे की मूळ पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत काही चढवायचं नाही.

वही दोन ठिकाणी ठेव. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं आणि बुटांच्या खोक्यातली अकरा वर्षांची टिपणं लगदा झाली. आणि नेटवरचं आहे म्हणून कायमचं आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या डिजिटल हस्तलिखितांची पानं कित्येक महिने कोणालाच उघडता येत नव्हती. जे उतरवून घ्यायची परवानगी आहे ते उतरवून घे, एक प्रत दादाच्या लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर.

महिना-दीड महिना डोम्सडे झाल्यावर बक्षीस म्हणून ‘ई-कोडिसेस’ ही स्वित्झर्लंडची साईट उघड आणि संक्ट गालन मठाचा आराखडा बघ. नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला. मठ कसा असावा त्याचं चित्र : चर्च, ग्रंथलेखनाची खोली, दवाखाना, भट्टी, मळा, कोंबड्यांचं खुराडं, राखणदाराची खोली. मळ्याच्या एकेका वाफ्यावर भाजीचं नाव लिहिलंय. पुढं तीनशे वर्षांनी कोणीतरी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर संत मार्टिनचं चरित्र लिहिलं, जागा पुरेना म्हणून पुढच्या बाजूच्या एका कोपऱ्यातली इमारत खरवडून तिथं मजकूर संपवला. माऊस फिरवत तो कोपरा शोध. मोबाईलवर नको, लॅपटॉपवर बघ.

महिन्याभरानं मला पुन्हा लिही, पण लिंका पाठवू नकोस. एखाद्या गावाची नोंद आणि त्यावरचे तुझे प्रश्न पाठव.

प्रश्न : मी आठवीला इतिहास शिकवतो. मध्ययुगात युरोपातले लोक पृथ्वी सपाट मानत होते आणि कोलंबसानं ते खोटं ठरवलं, असं मुलांना सांगत आलोय. एका विद्यार्थ्यानं नेटवर वाचून हरकत घेतली. खरं काय? (एक शिक्षक, इस्लामपूर)

उत्तर : विद्यार्थ्याचं बरोबर आहे. त्याला वर्गात सगळ्यांसमोर तसं सांगा.

हे मी तुम्हाला वरच्या पायरीवर बसून सांगत नाही. चौदा वर्षं मीही हेच शिकवलं, हातातल्या पुस्तकात होतं म्हणून. मग बीडचं लिखाण वाचनात आलं. बीड हा उत्तर इंग्लंडमधल्या जारोच्या मठातला साधू. कालगणनेवरचा त्याचा ग्रंथ ७२५ सालचा. त्यात तो साफ लिहितो की पृथ्वी ढालीसारखी नुसती वाटोळी नाही, चेंडूसारखी गोल आहे. म्हणजे कोलंबसाच्या पावणेआठशे वर्षं आधी. तेराव्या शतकात साक्रोबोस्को याचं खगोलावरचं छोटं पुस्तक विद्यापीठांत लावलेलं होतं, त्यातही पृथ्वी गोलच आहे. कोलंबसाशी पंडितांचा वाद झाला तो गोल किती मोठा, यावर. कोलंबस तो फार लहान धरत होता आणि त्या बाबतीत पंडित बरोबर होते. सपाट पृथ्वीची गोष्ट लोकांत पसरली ती मुख्यतः १८२८ मध्ये निघालेल्या वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांच्या कोलंबसाच्या चरित्रामुळं.

मला हे कळलं तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे शिक्षक झालेत त्यांना मी एकेकाला फोन केले. सात जणांना. पुढच्या मुलांपर्यंत तीच चूक जाऊ नये एवढ्यासाठी. तुमच्याकडं तर मुलंच समोर बसलीत.

प्रश्न : मी एस.टी.तून निवृत्त झालो. नात दहावीत आहे, तिला जुन्या काळाची आवड आहे. ती विचारते, आजोबा, त्या मध्ययुगातल्या युरोपच्या लोकांना आपला मुलूख ठाऊक तरी होता का? काय सांगू? (एक वाचक, कागल)

उत्तर : होता, आणि तिला ठाण्यापासून सुरुवात करून द्या. तुम्ही एस.टी.नं कित्येकदा तिथं गेला असाल.

१३२१ साली जोर्डानस नावाचा दक्षिण फ्रान्समधला एक धर्मोपदेशक, डॉमिनिकन पंथाचा, समुद्रमार्गे ठाण्याला उतरला. बरोबर फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे होते. जोर्डानस कामासाठी पुढं गुजरातकडं गेला असताना इकडं त्या चौघांचा धर्मावरून तिथल्या अधिकाऱ्यांशी वाद झाला आणि ते मारले गेले. त्यानं परत येऊन त्यांना सोपाऱ्याला पुरलं. ही हकिगत आपल्यापर्यंत आली ती फक्त धर्मोपदेशकांच्या बाजूनं, ठाण्याच्या बाजूचा कागद नाही, एवढं नातीला जरूर सांगा. पुढं काही वर्षांत ओडोरिक नावाचा इटलीकडचा दुसरा प्रवासी ठाण्याला आला. त्यानं त्या चौघांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि थेट चीनपर्यंत नेल्या. पंधराव्या शतकात रशियातला अफानासी निकितिन हा व्यापारी चौलला उतरून जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथं अडकून पडला, तेही तिला आवडेल.

जोर्डानसला १३२९ मध्ये पोपनं केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं. त्याच सुमारास त्यानं पाहिलेल्या नवलांचं एक छोटं पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं. त्यातली फळांची जागा मी किती वेळा वाचली असेल सांगता येत नाही. एक झाड आहे, त्याला फार मोठी फळं लागतात, ‘चाकी’ म्हणतात, आणि एक फळ पाच माणसांना पुरतं. फणसच हा. मल्याळममधल्या ‘चक्क’चं ते रूप. मग लिहितो, दुसरं एक झाड आहे, फळं आलुबुखारासारखी पण खूप मोठी, त्यांना ‘अनिबा’ म्हणतात, आणि ती इतकी गोड आणि इतकी लाघवी असतात की तोंडानं सांगणं मुळीच शक्य नाही.

अनिबा म्हणजे काय? मी प्रथम अडखळले. इंग्रजी भाषांतर करणाऱ्या हेन्री यूल यांनी तळटीपेत आंबा म्हणून उलगडा केलाय. पण मग मधला ‘नि’ आला कुठून? त्या काळची युरोपातली लिखावट डोळ्यांसमोर आणली की ध्यानात येतं. त्या वळणात ‘म’साठीचं अक्षर म्हणजे शेजारी शेजारी तीन उभ्या दांड्या. ‘न’साठी दोन आणि ‘इ’साठी एक, तीही डोक्यावर टिंब न देता. म्हणजे ‘अंबा’ लिहिलं तरी मध्ये तीन दांड्या आणि ‘अनिबा’ लिहिलं तरी तीनच. जोर्डानसनं आपल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं ‘अंबा’च लिहिलं असावं आणि पुढं नक्कल करणाऱ्यानं किंवा छापणाऱ्यानं दांड्या चुकीच्या मोजल्या असाव्यात. आमच्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घ धरायचं नाही आणि शब्दही तोडायचे नाहीत, तिथं अशाच गमती होतात.

लॅटिन मजकूर पॅरिसला १८३९ मध्ये छापला गेला, यूल यांचं इंग्रजी १८६३ चं आहे आणि ते इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतं. जोर्डानस आणि यूल अशी दोन नावं टाकून शोधा. फळं सुरुवातीच्या पानांतच, ‘धाकटा हिंदुस्थान’ या भागात आहेत. नातीला इंग्रजी वाचायला लावा आणि तुम्ही पेन घ्या. कोऱ्या कागदावर तीन उभ्या दांड्या काढा, अलीकडं एक ‘a’ सारखा गोल, पलीकडं ‘ba’. मग तिला आधी ‘अंबा’ वाचायला सांगा, नंतर ‘अनिबा’.